राहिलेला हप्ता

ज्ञानेशने रेडिओवर सगळं खरं सांगून टाकलं आणि नागपुरात प्रतापच्या आईने ते ऐकलं. पण असं काही झालेलंच नाही असं धरून आपण आदल्या संध्याकाळी आयर्लंडमधल्या नावन गावाबाहेरच्या ज्ञानेशच्या किचनमध्ये जाऊ. तिथे त्याची बायको उल्का लाटण्याचा माइक करून त्याची मुलाखत घेत होती.

"तुमचा मित्र नेमका कसा गेला?"

"अचानक."

"अचानक म्हणजे?"

"म्हणजे आधी न कळवता."

"ज्ञानू, उद्या हे लाइव्ह जाणार आहे!"

प्रताप त्यांच्याकडेच भाड्याने राहायचा. नोव्हेंबरात बसमधून उतरून कॉलनीकडे चालत येताना त्याला गाडीने उडवलं. रस्त्याला फुटपाथ नव्हता, दिवा नव्हता. घरं मात्र सगळी विकली गेली होती. आता त्या दिव्याच्या मागणीवर बोलायला स्थानिक रेडिओवाल्यांनी ज्ञानेशला बोलावलं होतं. "यू'ल बी ग्रँड," म्हणजे मस्त जमेल तुम्हाला, असं फोनवरची मुलगी म्हणाली होती. ऑफिसातल्या प्रसिद्धीवाल्या बाईंनी शिकवलं होतं: अवघड प्रश्न आला की क्षणभर थांबायचं, आणि काहीही विचारलं तरी दिव्यावर यायचं.

अडचण प्रभाकाकूंची, म्हणजे प्रतापच्या आईची होती. आपल्याकडे मरणाची बातमी हप्त्यांत देतात. ज्ञानेशने त्यांना फोनवर आधी 'ताप आहे' सांगितलं, मग 'अॅडमिट केलंय', मग 'झोपेत हार्ट अटॅक'. शेवटचा, म्हणजे अपघाताचा हप्ता द्यायचा धीर झाला नाही. कागदपत्रं प्रतापच्या मामांनी हाताळली, काकूंना नुसता चेहरा दाखवला. आणि प्रतापनेच कधीतरी त्यांच्या कॉम्प्युटरवर हा रेडिओ लावून दिला होता, लेकाच्या गावात पाऊस आहे का ते कळावं म्हणून. लेक गेला तरी इंग्रजीच्या या निवृत्त बाई रोज दुपारी तो ऐकत. पाऊस असायचाच.

"मग नाव नाहीच घेत," ज्ञानेश म्हणाला. "'एका रहिवाशाचं दुःखद निधन'. बस."

"हार्ट अटॅक? मला? रोज सूर्यनमस्कार घालायचो रे मी!"

भिंतीतल्या कपाटाला, ज्याला तिथे प्रेस म्हणतात, टेकून प्रताप उभा होता. निथळत, एकाच पायात बूट. ज्ञानेश फारसा दचकला नाही. जिवंतपणीही प्रतापला न विचारता किचनमध्ये यायची सवय होती. उल्काला मात्र तो दिसला नाही. "एकदम गारठलं नाही का?" म्हणत ती खिडकी लावायला गेली.

"आई दर रविवारी तुला काय विचारते?" प्रताप म्हणाला.

ज्ञानेश क्षणभर थांबला. प्रशिक्षणाचा तेवढाच उपयोग झाला.

"डिंकाच्या लाडवांत तूप जास्त झालं होतं का, म्हणून."

"आणि तू?"

"मी म्हणतो, छे हो काकू, तसं काही नाही."

"वा! धडधाकट पोरगा झोपेत गेला, आणि म्हणे तसं काही नाही. पार्सलं तिने पाठवली होती, गाढवा. तिला वाटतंय, तिनेच मारलं मला."

त्याच्या कपड्यांतून पाणी ठिबकत होतं. फरशी कोरडीच राहत होती.

"कोणाशी बोलतोयस?" उल्काने लाटणं खाली ठेवलं.

"तयारी करतोय," ज्ञानेश म्हणाला.

सकाळी निवेदकाने बरोबर उल्काचाच प्रश्न विचारला. ज्ञानेशने नाव सांगितलं, गाडी सांगितली, अंधार सांगितला. शेवटी त्याने, उभ्या काउंटीत कोणालाही कळलं नाही असं एक वाक्य टाकलं: "ही वॉज अ व्हेरी हेल्दी मॅन. देअर वॉज नथिंग राँग विथ द लाडूज."

निवेदकाने घाईघाईने गाणं लावलं.

स्टुडिओबाहेर येतो तोच मोबाइल वाजला.

"लगेच गेला का रे?" प्रभाकाकूंनी विचारलं.

"हो काकू."

"आता तरी खरं बोल, मेल्या."

"खरंच. लगेच."

"म्हणजे तुपाने नाही." त्या रडल्या, मग त्यांनी नाक पुसल्याचा आवाज आला. "दिवा लावणार आहेत का ते?"

"म्हणतात, विचाराधीन आहे. वेळ लागेल."

"पेन घे. अर्ज सांगते, इंग्रजी तू कर, मी नंतर तपासीन. लिही. 'माननीय महोदय, सदर रस्त्यावर दिवा बसवण्यास विलंब होणार असल्याचे समजले. माझा मुलगा अद्याप त्याच रस्त्याने ये-जा करीत आहे. तरी त्याचे चालणे संपेपर्यंत आपल्या हद्दीत अंधार पडू देऊ नये, ही नम्र विनंती.'"