मधल्या खोलीचं पोस्टर

सिनेमा न बघता त्याचं पोस्टर करायचं, हा काकांचा तीस वर्षांचा शिरस्ता. सुरुवातीला तो नाइलाज होता. पोस्टर मागायला लोक येत तेव्हा सिनेमा निम्माही झालेला नसे, मग बघणार काय, कपाळ? निर्माता एका ओळीत गोष्ट सांगायचा, वीस-पंचवीस फोटो द्यायचा आणि ‘परवा हवंय’ म्हणून निघून जायचा. पुढे तयार सिनेमा पाठवणारेही भेटले, पण तोवर नाइलाजाचा नियम झाला होता आणि काकांना त्या नियमाचा अभिमानही वाटायला लागला होता. “बघितला की पोस्टर बिघडतं,” ते ऑफिसातल्या नव्या मंडळींना सांगत. “सगळंच सांगावंसं वाटायला लागतं. माणूस रस्त्यावरून चाललाय. आत हसायचंय, रडायचंय की घाबरायचंय, एवढं त्याला चार सेकंदांत कळलं पाहिजे. बास.”

काका हे त्यांचं ऑफिसातलं नाव. पुतण्या म्हणाल तर एकही नव्हता, पण पंचावन्न ओलांडली की माणसाला ही बढती आपोआप मिळते.

चार सेकंदांत कळवायचं तंत्र त्यांच्या हातचा मळ होतं. विनोदी असेल तर पांढरी पार्श्वभूमी, लाल जाडजूड अक्षरं, एक शब्द मुद्दाम तिरका आणि नायकाच्या मागून डोकावणारी चार तोंडं. मारामारीचा असेल तर एका बाजूने केशरी, दुसऱ्या बाजूने निळा आणि मध्ये पाठमोरा माणूस, ज्याच्यासमोर काहीतरी पेटलेलं आहे. प्रेमाचा असेल तर दोन चेहरे, एक दुसऱ्याकडे बघतोय आणि दुसरा भलतीकडेच. बक्षिसासाठी काढलेला असेल तर भरपूर आकाश, खाली मुंगीएवढा माणूस आणि भिंग लावून वाचावी लागतील अशी अक्षरं. भुताचा असेल तर निळसर काळोख, किलकिलं दार, दारात कुणीतरी. मोठ्या सिनेमाला तर एवढ्याचीही गरज नसते. तिथे नटाचा चेहरा दिसला की लोकांना सगळं कळतं, आणि तो चेहरा किती मोठा हवा हे करारातच लिहिलेलं असतं. खरी पंचाईत छोट्या फिल्मची. तिथे चेहरा कुणाच्याच ओळखीचा नसतो, जाहिरात नसते, जे काही सांगायचं ते त्या एका कागदाने.

हे सगळं काका झोपेतही करू शकले असते, आणि अलीकडे बरंचसं तसंच करत होते. दमले होते बिचारे. सध्या एका भुताच्या सिनेमाचा दुसरा भाग टेबलावर होता. निर्मात्याने पोस्टर अकरा वेळा परत पाठवलं होतं. बाराव्या वेळी त्याचा निरोप आला, “भूत छान आहे, पण मी घाबरलो नाही.” काकांनी भुताचे डोळे आणखी आत ढकलले आणि चष्मा काढून स्वतःचे डोळे चोळले.

मुलीचा फोन आला तो याच आठवड्यात. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची, जाहिरातींच्या संकलनाचं काम करायची. आईला ती अगं-तुगं करायची आणि बापाला अहो-जाहो. आई होती तोवर हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण बापाकडे जायचं ते आईवरूनच. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. आता फोनवर “जेवलात?”, “जेवलो, तू?”, “हो” एवढं झालं की दोघंही सुटका झाल्यासारखी फोन ठेवत.

“बाबा, मी एक फिल्म केलीये. एकोणीस मिनिटांची. महोत्सवात लागतेय, शनिवारी आणि रविवारी. पोस्टर तुम्ही कराल?”

“करतो की. गोष्ट काय आहे, एका ओळीत सांग.”

“एका ओळीत सांगता आली असती तर एकोणीस मिनिटं कशाला घालवली असती? लिंक पाठवते. पण बघून करा हं. तुमचा नियम मला माहितीये. या वेळी तरी बघा.”

बघायचं काकांच्या मनात होतं, खोटं कशाला बोला? सोमवारी भूत आलं, मंगळवारी भूत परत आलं. बुधवारी घरी येऊन ते चपला न काढता बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर बसले आणि बसल्या बसल्याच झोपले. गुरुवारी मुलीने विचारलं, “बघितलीत?”

“बघितली,” काका म्हणाले. निर्मात्यांना बोलायची सवय होती, तेच तोंडातून गेलं. “छान झालीये. कुठे रेंगाळत नाही.”

मग ती म्हणाली, “एवढंच?”

“अगं, बोलू की नीट. आधी पोस्टर हातावेगळं करतो.”

शुक्रवारी त्यांनी तिने पाठवलेले फोटो उघडले. फिल्मचं नाव होतं ‘मधली खोली’. नाव ओळखीचं वाटलं, पण मधली खोली कुणाच्या घरात नसते? फोटोंत खिडकी होती, पडदा होता, औषधांचं टेबल होतं. सातवा फोटो उघडला आणि काम झालं. पुढचे त्यांनी पाहिलेच नाहीत. अंधाऱ्या खोलीतून काढलेला फोटो, समोर अर्धवट उघडं दार, दारात उजेडाकडे पाठ करून उभा असलेला माणूस. चेहरा नाही, नुसता आकार. एक हात चौकटीवर, दुसऱ्या हातात काहीतरी लोंबतंय. आठवडाभर भूत खेळवून हात तयार होताच. काकांनी भिंत निळीकाळी केली, माणूस थोडा ताणून उंच केला, अक्षरांना बारीक तडे दिले. हातातल्या वस्तूने आकार बिघडत होता, ती झाकून टाकली. चाळीस मिनिटांत पोस्टर गेलं.

मुलीचा फोन लगेच आला. “बाबा, हे तुम्हाला असंच वाटलं?”

“असंच हवं. बघ तू, लोक धावत येतील.”

“तुम्हाला असंच वाटत असेल तर असू दे,” ती म्हणाली. आवाज कसातरीच होता, पण पहिली फिल्म म्हटल्यावर पोर घाबरणारच, असं काकांना वाटलं.

लोक खरंच आले. शनिवारी संध्याकाळी सभागृहाबाहेरच्या फळ्यावर तीस पोस्टरं लावली होती. माणसं कॉफीचे कप घेऊन त्यांच्यासमोरून सरकत होती आणि ‘मधली खोली’पाशी थांबत होती. काकांना बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी, स्वतःच्या कामाकडे बघून. खुर्च्या भरल्या. मुलगी पुढे बसली होती, काका शेवटच्या रांगेत.

पडद्यावर पलंग दिसला. पलंगावर एक आजारी बाई. अंगावरची गोधडी, खिडकीच्या फुटक्या काचेवर चिकटवलेला कॅलेंडरचा तुकडा, औषधांच्या बाटल्यांवर पालथा घातलेला पेला. काकांनी ती खोली ओळखली. ओळखणार नाहीत कसे, आठ महिने ते तिच्या दारात उभे होते.

दारात एक माणूस आला. चेहरा दिसत नव्हता. सभागृहात कुणीतरी बारीक किंचाळलं. माणसाच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी होती. तो आत आला नाही. उभाच राहिला. बराच वेळ उभा राहून पिशवीला हात लावून बघितला, ती गार झाली होती, म्हणून परत भरून आणायला गेला. पलंगावरची बाई उशाशी बसलेल्या मुलीला म्हणाली, “वॉचमनची फेरी झाली बघ. आता चोर यायची बिशाद नाही.”

कुणी हसलं नाही. हसणार कसं? सगळे दाराकडे डोळे लावून बसले होते. माणूस पुन्हा आला, पुन्हा उभा राहिला, पुन्हा पिशवी गार झाली. बाई म्हणाली, “अहो, ती पिशवी तुम्हीच पोटाशी धरा. माझ्यापेक्षा तुम्हालाच थंडी वाजतेय.” सभागृह चिडीचूप. काकांच्या पुढच्या रांगेतली एक पोरगी मित्राचा दंड पकडून कुजबुजली, “आता हा तिला मारणार.”

आणि काकांना पडद्यावरून ऐकू येत होतं ते बायकोचं बोलणं. शब्दन् शब्द तिचा होता. दिवसभर पोस्टरांवरच्या चेहऱ्यांच्या सुरकुत्या पुसणारा माणूस तिचा सुकत चाललेला चेहरा जवळून बघू शकत नव्हता. भीती वाटायची, एवढंच. दुसरं कुठलं कारण नव्हतं. ती तिकडून विनोद करत राहिली आणि हे दारात पिशवी घेऊन उभे.

फिल्म संपली. कुणीही मेलं नाही, म्हणजे ज्यांना कुणी मरायला हवं होतं त्यांच्यादेखत तरी नाही. टाळ्या पडल्या त्या रीतीपुरत्या. बाहेर पडता पडता एक जण म्हणाला, “पोस्टर बघून आलो यार, आणि हे काय!”

मुलगी फळ्यापाशी उभी होती. काका तिच्याजवळ गेले.

“तुमचं बरोबर असेल,” मुलगीच म्हणाली. “मला वाटायचं आई हसवत होती. तुमच्या बाजूने ते भीषणच असणार. तुम्ही पिशवीसुद्धा पुसून टाकलीत. मी म्हटलं, बाबांना ते दाखवायचं नसेल. म्हणून काही बोलले नाही. हे तुमचं उत्तर समजून लावलं.”

काकांना इथे गप्प बसता आलं असतं. मुलीने स्वतःहून त्यांना एक मोठं दुःख बहाल केलं होतं, ते घेऊन घरी जायचं की झालं. पण इतकं खोटं त्यांना झेपेना.

“मी बघितली नव्हती गं,” ते म्हणाले. “आज पहिल्यांदा बघितली. पिशवी आहे हेसुद्धा मला कळलं नव्हतं.”

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. ती चिडली असती तर फार बरं झालं असतं.

“म्हणजे याही वेळी दारातच,” ती म्हणाली.

“उद्या चारला परत आहे ना? मी बदलून देतो.”

“राहू दे बाबा. तुम्ही दमलाय. घरी जा.”

रविवारी सकाळी काकांनी ऑफिसचं कुलूप उघडलं आणि आधी ती फिल्म लावली. तीनदा बघितली. दुसऱ्यांदा बघताना एका ठिकाणी त्यांना हसू फुटलं आणि रिकाम्या ऑफिसात आपलाच आवाज ऐकून ते दचकले. मग पोस्टर उघडलं. पांढरी पार्श्वभूमी आणि लाल अक्षरं करून बघितली. बाष्कळ दिसत होतं. आकाश टाकून बघितलं, ते तर ढोंग होतं. तीस वर्षांचे सगळे रंग पुढ्यात होते आणि एकही लागू पडेना. शेवटी त्यांनी नवीन काही करायचं सोडून दिलं आणि एकेक लावलेलं काढायला घेतलं. तडे काढले. ताणलेला माणूस परत आखूड केला, होता तेवढा, मध्यम बांध्याचा, किंचित पोक काढलेला. निळा काळोख काढल्यावर खाली दारातला पिवळट उजेड तसाच होता. सगळ्यात शेवटी हातावरचं झाकण उचललं. पिशवी तिथेच होती, चौकड्यांच्या टॉवेलात. खाली त्यांनी साध्या अक्षरांत बायकोचं वाक्य लिहिलं, ‘वॉचमनची फेरी झाली बघ.’

महोत्सवाच्या टेबलावरच्या बाईंनी नवा कागद उलटसुलट करून पाहिला. “लावा तुम्ही. पण आमच्या यादीत ही भयपटात आहे. पोस्टर बघूनच टाकली होती. आता काय लिहू?”

काकांना चार सेकंदांपेक्षा बराच जास्त वेळ लागला. बाईंनी पेन टेबलावर दोनदा आपटलं.

“विनोदी लिहा,” ते म्हणाले. “ती विनोदीच होती.”

बाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि लिहिलं.

फळ्यावर कागद लावायला टाचणी सापडेना, ती शोधण्यात वेळ गेला. काका सभागृहापाशी पोचले तेव्हा फिल्म सुरू झाली होती. गर्दी नव्हती, असतील पंधरा-वीस माणसं. काका दार ढकलून उंबऱ्यावर थांबले, डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत. पडद्यावरही तो दारात आला होता, पिशवी घेऊन. बाई म्हणाली, “वॉचमनची फेरी झाली बघ. आता चोर यायची बिशाद नाही.”

लोक हसले. एक म्हातारे गृहस्थ तर खुर्चीच्या हातावर थाप मारून हसले. तिच्या विनोदाला एवढ्या माणसांनी दाद दिलेली काका पहिल्यांदाच ऐकत होते. घरी ऐकणारी दोनच माणसं होती, त्यातलं एक दारात उभं असायचं.

मुलगी तिसऱ्या रांगेत होती. शेजारच्या खुर्चीवर तिची पिशवी ठेवलेली होती. काका आत शिरले, वाटेतल्या तिघांच्या गुडघ्यांना धडकले, तिघांची माफी मागितली. मुलीने मान न वळवता पिशवी उचलून मांडीवर घेतली. काका बसले.

“उशीर केलात,” ती म्हणाली.

“हो,” काका म्हणाले. “झाला खरा.”