कवळीची उंची

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सासऱ्यांच्या नाकाच्या शेंड्यावर एक आणि हनुवटीवर एक असे पेनाने ठिपके दिले आणि मधलं अंतर मोजायला पट्टी धरली.

"आजोबा, ओठ मिटा. आता जबडा सैल सोडा."

त्यांनी तो सोडला नाही. सैल सोडणं हा आपल्या सासऱ्यांचा प्रांतच नव्हे, असं कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या सुनेला वाटलं. सकाळचे डबे उरकून, अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती त्यांना घेऊन आली होती. तिचे पाय इतके सुजले होते की चपलेत मावत नव्हते.

रविवारी थोरले दीर येऊन सासऱ्यांना कायमचं आपल्याकडे नेणार होते. तिनेच तसं नवऱ्याला सांगितलं होतं. भांडून नव्हे, भांडायलाही अंगात त्राण लागतं. "त्यांना माझं काहीच पटत नाही. लग्न झाल्यापासून हेच तोंड बघतेय. आता नाही होत माझ्याच्याने," एवढंच म्हणाली होती. नवऱ्याने मान खाली घालून भावाला फोन लावला. जाण्याआधी बाबांना नवी कवळी करून द्यायची, हेही तिनेच ठरवलं. निदान तिकडे त्यांना नीट चावता यावं.

तोंड म्हणजे काय, एरंडेल प्यायल्यासारखं. ओठ आत, कोपरे खाली, हनुवटी वर. चहा नेला तरी तेच, ताट वाढलं तरी तेच. सासरे बोलायचे मोजकंच. त्यामुळे साखर कमी पडली की जास्त झाली, याचा अंदाज ती त्या कोपऱ्यांवरून बांधायची आणि काहीतरी चुकलं असं धरून चालायची. भाजी बदलून पाहिली, आवाज बदलून पाहिला. तोंड काही बदललं नाही. पुढे पुढे तिने तिकडे बघणंच सोडून दिलं.

नव्या कवळीचे, अजून नुसत्या मेणावर बसवलेले दात सासऱ्यांच्या तोंडात गेले.

"साठ, एकसष्ट, बासष्ट म्हणा बघू."

"शाट, एकशष्ट," सासरे म्हणाले आणि दात एकमेकांवर टकटक आपटले. चेहरा लांबुडका झाला होता, ओठ मिटत नव्हते.

"जरा उंच झाले." डॉक्टरीणबाईंनी मेण मऊ करून दात किंचित खाली बसवले, पुन्हा आकडे म्हणवून घेतले. मग मागे वळून म्हणाल्या, "ताई, समोर या आणि नीट बघा. एकदा कवळी पक्की झाली की मला बदलता येणार नाही. चेहरा बरोबर वाटतो का, ते घरच्या माणसानेच सांगायचं."

ती उठून समोर गेली. खुर्चीत एक साधासा, थोडा बुजलेला म्हातारा माणूस बसला होता. ओठ भरलेले, कोपरे सरळ. निकालाची वाट बघावी तसा तिच्याकडे बघत होता.

"हे... हसताहेत का?"

"छे हो, नुसते बसलेत." डॉक्टरीणबाईंनी जुनी कवळी तिच्यासमोर धरली. "ही पाहा, झिजून पार सपाट झालीय. दातांची उंची गेली की हनुवटी नाकाकडे सरकते, ओठ आत जातात, कोपरे पडतात. मनात काही नसलं तरी माणूस चिडल्यासारखा दिसतो. किती वर्षांची आहे?"

"माझ्या लग्नाच्याही आधीची."

आधी तिला हायसं वाटलं. मग फार थकवा आला. इतकी वर्षं ती एका झिजलेल्या कवळीची मनधरणी करत होती.

"मग? हाच चेहरा ठेवू?"

"ठेवा," ती म्हणाली.

शनिवारी कवळी मिळाली. ती लावूनच सासरे घरी आले. जिन्यात शेजारीण म्हणाली, "अगबाई, आजोबा तर तरुण झाले!" सासऱ्यांनी मान डोलावली. घरात आल्यावर मात्र ते पलंगावर बसले, वाटीभर पाणी मागितलं आणि वरची-खालची दोन्ही कवळ्या काढून त्यात ठेवल्या. हनुवटी वर आली, ओठ आत गेले, कोपरे खाली पडले.

ती समोर उभी राहून बघत होती.

"टोचतात का, बाबा?"

"नाही गं. छान बसल्यात."

"मग काढल्या का?"

"तिकडे घालीन की. दुसऱ्याचं घर, जरा नीटनेटकं राहायला हवं." त्यांनी वाटी उशाशी सरकवली. "इथे कशाला? आपल्याच घरात."

तिने वाटीवर ताटली झाकली.

"बस ना जरा," त्याच आंबट तोंडाने ते म्हणाले. "सकाळपासून उभीच आहेस."

ती पलंगाच्या कडेला बसली. किती दिवसांनी बसली कोण जाणे. नवरा फोन हातात घेऊन दारात आला.

"दादा विचारतोय, उद्या कधी येऊ?"

"दुपारी जेवायलाच या म्हणावं."

"आणि बाबांची बॅग भरून झाली का, म्हणतोय."

तिने सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कोपरे होते तिथेच होते.

"नाही," ती म्हणाली, आणि पायाशी ठेवलेली भरलेली बॅग तिने टाचेने हळूच पलंगाखाली सरकवली.