उजव्या कानशिलावरची कॅप्सूल

ताईचं डोकं फुटलं त्या दिवशी आमचं नवीन मशीन बंद होतं. माझी सगळी चूक या एका वाक्यात आहे, पण ती कळायला मला नऊ दिवस लागले.

मी स्कॅन सेंटरमध्ये काम करते. लोकांना वाटतं मशीन मेंदूचा फोटो काढतं. ते फोटो काढत नाही, आकडे देतं. एका डोक्याचे साधारण सत्तर लाख आकडे, तीन दिशांना रचलेले, एका ठोकळ्यात. त्या ठोकळ्याचे पावासारखे काप करून दाखवणारा पायथन प्रोग्रॅम मी लिहिला आहे. आधी तो डोकं सोलतो, म्हणजे कातडी, हाड, डोळे सगळं पुसून नुसता मेंदू ठेवतो. मग एका पानावर बारा काप मांडतो आणि कडेला ‘डावं’, ‘उजवं’ लिहितो. मोठे डॉक्टर तीन सेंटरं सांभाळतात, कायम प्रवासात असतात. ते ते पान फोनवर बघून रिपोर्ट सांगतात.

मशीनवरच्या टेक्निशियनला मी काका म्हणते. पायथन म्हणजे अजगर हे त्यांना कुणीतरी सांगितल्यापासून ते मला अजगर म्हणतात. काकांची एक जुनी सवय आहे. पेशंटला मशीनमध्ये सरकवण्याआधी ते त्याच्या उजव्या कानशिलावर माशाच्या तेलाची एक कॅप्सूल चिकटपट्टीने लावतात. स्कॅनमध्ये ती पांढऱ्या मण्यासारखी चमकते.

“काका, हिचा उपयोग काय? माझा प्रोग्रॅम कातडीबरोबर हिलाही सोलून टाकतो,” मी पहिल्याच महिन्यात म्हटलं होतं.

“तू सोल. मी लावतो,” काका म्हणाले. “माणूस खोटं बोलेल, मशीन बोलेल. कॅप्सूल बोलणार नाही.”

ताईला आणलं तेव्हा तिच्या डाव्या कानाच्या वर चार बोटं लांब घाव होता. केस कापून पाच टाके घातले होते. जबडा काळानिळा, डाव्या हाताची दोन बोटं मागे वाकलेली. भावोजींचा शर्ट रक्ताने कडक झाला होता. ते फरशी बसवण्याची कामं घेतात.

“बाथरूममध्ये पाय घसरला गं तिचा,” ते भिंतीला टेकून रडत होते. “मीच बसवलेली फरशी. माझ्याच हातांनी.”

माझा विश्वास बसला नव्हता. आदल्या वर्षी ताईचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, ‘स्टुलावरून पडले’ म्हणाली होती. त्याच्या आधी दात. मला पुरावा हवा होता, आणि माझ्याच प्रोग्रॅमने तो उलटा दिला. बाहेरचा घाव डावीकडे होता. पानावर चिरडलेला भाग उजवीकडे आला होता.

मोठे डॉक्टर फोनवर म्हणाले, “थांबलेल्या डोक्यावर कुणी काही हाणलं, तर घावाच्या खालचाच मेंदू चिरडतो. डोकंच वेगाने जाऊन जमिनीवर आदळलं, तर बहुतेक वेळा समोरच्या बाजूचा. ही पडलीय.”

जबाब घ्यायला आलेल्या हवालदार बाईंनी ‘अपघात’ लिहिलं आणि वही मिटली. आई म्हणाली, “बघ, उगाच जावयावर संशय घेतलास. दिवसरात्र उशाशी बसलाय.” मी भावोजींची माफी मागितली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात जड होता.

ताईला स्वतः सांगता येत नव्हतं. तिच्या तोंडून एकच शब्द यायचा. पाणी हवं असेल तर चमचा. खिडकी लाव म्हणायचं असेल तर चमचा. भावोजी खोलीत आले की ती चादर हनुवटीपर्यंत ओढायची आणि भराभर म्हणायची, “चमचा, चमचा, चमचा.”

“भूक लागलीय बाईसाहेबांना,” भावोजी हसायचे आणि तिच्या मोडक्या बोटांवरून हात फिरवायचे. ती डोळे घट्ट मिटून घ्यायची. वॉर्डातले डॉक्टर म्हणाले, भेदरली आहे, बोलेल हळूहळू.

नवव्या दिवशी सकाळी तिला घरी सोडलं. गाडीत बसताना तिने माझी ओढणी मुठीत धरली होती. भावोजींनी एकेक बोट सोडवलं.

दुपारी मी टेबलाशी बसले होते. डब्याला हात लागत नव्हता. माझ्या डोक्यात एक साधी गोष्ट घोळत होती, जी मला पहिल्याच दिवशी सुचायला हवी होती. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या भागात असते. ताई उजव्या हाताची. मार उजवीकडे असेल तर शब्द का जावेत? ताईची जीभ चुकत होती किंवा माझं पान.

मी ताईची मूळ फाइल उघडली, सोलण्याआधीची. कातडी, हाड, डोळे, टाके, सगळ्यासकट. पांढरा मणी चमकत होता. माझ्या प्रोग्रॅमने ज्या बाजूला ‘डावं’ लिहिलं होतं, त्या बाजूला.

“काका, ताईची कॅप्सूल कुठे लावली होती?”

“असं काय विचारतेस, अजगर? उजवीकडे.”

“स्कॅनमध्ये डावीकडे आहे.”

“मी डावीकडे लावत नाही.”

“माहीत आहे.”

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. फाइलीच्या माथ्यावर लिहिलेलं असतं की आकडे डाव्या कानापासून मोजायला घेतलेत की उजव्या. नवीन मशीनचं नेहमी एकसारखं असतं, म्हणून माझा प्रोग्रॅम ते वाचतच नव्हता. त्या दिवशी नवीन मशीन बंद, ताईला जुन्या मशीनवर घेतलं होतं. जुनं मशीन उलट मोजतं. ताईचा मेंदू मी आरशात बघितला होता. घाव डावीकडे, चिरडलेला भागही डावीकडे. ती पडली नव्हती.

“पोरगी आहे कुठे?” काकांनी विचारलं.

“सकाळी घरी गेली.”

“त्या बाईंना फोन कर, हवालदार बाईंना. मी आतला पेशंट उतरवतो, मग दोघं जाऊ. एकटी जाऊ नकोस.”

मी फोन केला. त्या म्हणाल्या, पान घेऊन चौकीवर या. मी लॅपटॉप उचलला आणि चौकीऐवजी ताईच्या घरी गेले. काकांसाठी थांबले नाही.

घर दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात फरशांची खोकी रचलेली होती, दार अर्धं उघडं होतं. ताई बाथरूममध्ये गुडघ्यांवर बसून जुन्या दातांच्या ब्रशने फरशांमधल्या फटी घासत होती. फटींमध्ये वाळलेलं रक्त होतं, तिचंच. भावोजी दारात टेकून बघत होते, हातात रबरी हातोडा, तळव्यावर हळूहळू आपटत.

“या शास्त्रज्ञबाई,” ते म्हणाले. “बरं झालं आलात. तुमच्या ताईला म्हटलं, आपली घाण आपण काढावी.”

“ताई, ऊठ. आपण आईकडे जातोय.”

“का बरं?”

मी गप्प राहायला हवं होतं. पण नऊ दिवस मी चुकीचं बोलले होते, आणि आता बरोबर उत्तर पोटात मावत नव्हतं. मी लॅपटॉप उघडून दाखवलं. हा घाव, ही कॅप्सूल, हे उजवं, हे डावं. ते वर्गातल्या हुशार मुलासारखे लक्ष देऊन ऐकत होते.

“म्हणजे नुसतं उलट-सुलट?”

“हो.”

“कुणाला पाठवलंस हे पान?”

“अजून नाही,” मी खरं ते सांगितलं. सवय.

त्यांनी दार लावलं. कडी घातली. मग हातोडा लॅपटॉपवर घातला, चार वेळा, पडद्याचा चुरा होईपर्यंत. मी दाराकडे धावले. त्यांनी केसांना धरून मागे ओढलं, माझा डावा हात फरशीवर दाबला आणि त्यावर हाणलं. फरशी फुटू नये म्हणून तो हातोडा रबराचा असतो. हाडाला ती सवलत नाही. पहिल्या घावाला मनगट गेलं. दुसऱ्याला हात माझा वाटेनासा झाला. मी ओरडत होते, पण खालच्या मजल्याला या घरातल्या आवाजांची सवय होती.

“टाइप कर आता,” ते म्हणाले. त्यांना धाप लागली होती. “कर टाइप.”

मी त्यांच्या मनगटाला चावले. दातांखाली काहीतरी सटकलं, तोंडात रक्त आलं. हातोडा पडला. त्यांनी गुडघा माझ्या छातीवर रोवला आणि दोन्ही हातांनी गळा धरला. डोळ्यांसमोर कडेने काळं येऊ लागलं, आतल्या बाजूला सरकू लागलं. मधे उरलेल्या तुकड्यात मला त्यांचा चेहरा दिसत होता आणि त्यांच्या मागे ताई.

तिने हातोडा उचलला होता. उजव्या हातात.

पहिला घाव त्यांच्या उजव्या कानाच्या मागे बसला. ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा आवाज झाला. गळ्यावरची पकड ढिली पडली, त्यांनी आश्चर्याने मान अर्धी वळवली. दुसरा घाव तिथेच. ते माझ्या अंगावर कोसळले. तिसरा घाव गरजेचा नव्हता. मी तोही मोजला.

ताई खाली बसली. माझ्या तोंडावरचं रक्त तिने पदराने पुसलं आणि हातोड्याकडे बघून म्हणाली, “चमचा.”

काही वेळाने काकांनी दार ठोठावलं. मी चौकीवर नव्हते आणि मोठे डॉक्टर फोन उचलेनात, म्हणून ते हवालदार बाईंनाच बरोबर घेऊन आले होते. कडी ताईने काढली.

दुसऱ्या दिवशी भावोजी आमच्याच मशीनमध्ये होते. शुद्धीवर नव्हते, पण जिवंत होते. नवीन मशीन अजून बंदच. मी शेजारच्या खोलीत, डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यावर दहा बोटांचे ठसे. काकांनी भावोजींच्या उजव्या कानशिलावर कॅप्सूल लावली, आणि लावताना एकदाही त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही.

“तू घरी जा. हे काम तुझं नाही,” काका म्हणाले.

“प्रोग्रॅम दुसऱ्या कुणाला येतो?”

लॅपटॉप फुटला होता, पण त्याने काही बिघडत नव्हतं. सगळ्या फाइली सेंटरच्या कॉम्प्युटरवर असतात. भावोजींनी उगाच चार घाव वाया घालवले.

या वेळी फाइलीचा माथा वाचणारी ओळ मी आधीच घातली होती. बारा काप समोर आले. डोक्यावरची सूज उजवीकडे, पानावर चिरडलेला मेंदूही उजवीकडे. मारलेलं डोकं. बाहेर बाकावर हवालदार बाई ताईशेजारी बसल्या होत्या, मांडीवर वही, बाजूला प्लास्टिकच्या पिशवीत हातोडा.

मी एका ओळीत एक वजाची खूण घातली. पान उलटलं. सूज उजवीकडे, चिरडलेला भाग डावीकडे. भावोजी आपणच बसवलेल्या फरशीवर घसरून पडले होते. मला ते चित्र आवडलं. मिनिटभर मी ते बघत बसले, आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही.

काका मागे येऊन उभे होते. त्यांना प्रोग्रॅममधलं काही कळत नाही, पण पडद्यावरचं उजवं-डावं कळतं.

“हा पडला होय?” त्यांनी विचारलं.

“पडू शकतो.”

“बहीण तुझा जीव वाचवत होती. त्यात लपवायचं काय आहे?”

“तीन घाव आहेत, काका. दोनात काम झालं होतं.”

काकांनी माझ्याशेजारी खुर्ची ओढली. “तिचं पान कुणी खरं मानायचं मग? नऊ दिवसांपूर्वी उलटं होतं, आज म्हणतेस सुलटं. कशावरून, असं विचारलं की काय दाखवशील?”

उत्तर एकच होतं, आणि ते भावोजींच्याही कानशिलावर चमकत होतं. ताईची कॅप्सूल खरी धरायची तर त्यांचीही खरी. मी वजाची खूण काढली. डोकं सोलणारी ओळ बंद केली. दोघांचे काप शेजारी शेजारी छापले, कातडीसकट, हाडासकट, मण्यासकट.

मग मोठ्या डॉक्टरांना फोन करून माझी चूक सांगितली. ते म्हणाले, “मूळ फाइल न बघता रिपोर्ट मी दिला. तेही लिही.”

मी पानं बाहेर नेली. हवालदार बाईंना मणी दाखवला, घाव दाखवला. त्यांनी दोनदा विचारून घेतलं, आपल्याच कानशिलांवर बोट ठेवून ताडून बघितलं. मग जुन्या नोंदीवर आडवी रेघ मारली आणि नवं पान उघडलं.

“ताई,” त्या माझ्या बहिणीला म्हणाल्या, “तुम्हाला कशाने मारलं?”

“चमच्याने.”

पेन थांबलं. “कशाने?”

ताईने प्लास्टिकच्या पिशवीतल्या हातोड्यावर बोट ठेवलं. हवालदार बाईंनी लिहून घेतलं.

“आणि त्यांना?”

मी तिचा हात धरला. तो तिने सोडवून घेतला. ती ताठ बसली, आपल्या कापांकडे बघितलं, मग नवऱ्याच्या कापांकडे, आणि तेच बोट पुन्हा त्याच पिशवीवर ठेवलं.

“चमच्याने,” ती म्हणाली, आणि तीन बोटं वर केली.