तबकावरची रेघ

माझे दीर, हर्षदभावजी, ट्रेलर चालवतात. पुढचं इंजिनाचं धूड म्हणजे घोडा. त्याच्या पाठीवर लोखंडी तबक असतं, त्याला फिफ्थ व्हील म्हणतात. ट्रेलरच्या पोटाखालची जाड खीळ तबकाच्या जबड्यात अडकते आणि सगळा बोजा तेवढ्यावर ओढला जातो. जुनं झिजलं म्हणून भावजींनी चौक गावातल्या प्रवीणच्या गॅरेजात दुसरं बसवून घेतलं. तेही वापरलेलंच. दुपारी खोपोलीहून पत्र्याची गुंडाळी भरून घाट चढायचा होता.

पूजा माझ्याकडे, म्हणून मीही गॅरेजात आले होते. घरात नवी वस्तू आली की तिची पूजा होईस्तोवर मी पाणीसुद्धा घेत नाही.

ग्रीस पुसून ओल्या कुंकवानं स्वस्तिक काढायला घेतलं, तर बोट वाकडं गेलं. पुसून टाकलं. कुंकू निघालं, पण जबड्याच्या कडेला केसाएवढी लाल रेघ राहिली. पुन्हा पुसलं, तरी तशीच.

"भावजी, हे बघा."

"कुंकू हाय ते, वैनी."

"वरचं पुसलं मी. हे आत गेलंय."

प्रवीण वाकला, नखानं खरवडलं. "वेल्डिंग भरलंय तिथं, जरासं उललंय. चालतंय वो, अशा कितीक गाड्या घाट चढतात."

"चढतात. पण सुटलेला ट्रेलर मागच्या कुणावर जातो?"

भावजींचा चेहरा उतरला. "वैनी, ही फेरी सोडली तर तो कंपनीवाला पुन्हा फोन करायचा नाय. केवढं मागं लागून मिळवलंय! फोडा नारळ न् जेवा. सकाळपासनं उपाशी हाय तुमी."

"ह्या तबकासमोर नारळ फुटायचा नाही."

प्रवीणनं कोपऱ्यातलं दुसरं दाखवलं. "मग हे घ्या. कोरं हाय. तुमच्यापेक्षा जाड खिळीचं, पण मधी रिंग टाकून देतो. फिट्ट बसंल."

"दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालून घाट चढाल का, प्रवीणभाऊ?"

प्रवीणनं पाना खाली ठेवला.

आवाज चढवायचा नाही, हा माझा रोजचा नेम. जागचं उठायचं नाही, हा त्या दिवसापुरता केला. स्टुलावर बसून जप सुरू केला.

भावजी दोनदा गाडीभोवती फिरले. मग रस्त्याकडेला जाऊन त्यांनी फोन लावला. "नाय साहेब, आज जमत नाय. दुसरी गाडी बघा." परत आल्यावर प्रवीणला म्हणाले, "पनवेलहून मागव. आमच्याच खिळीच्या मापाचं, कोरं, किती ओझं पेलतं तो आकडा कोरलेलं."

ते आलं तेव्हा उन्हं कलली होती. बोल्ट कसायच्या आधी मी कुंकू लावलं आणि पुसलं. काही राहिलं नाही. मग स्वस्तिक काढलं.

ग्रीस लावून भावजींनी घोडा मागे घेतला. खट्ट आवाज झाला.

"बसलं," प्रवीण म्हणाला.

"आवाजावर नको जाऊस." भावजी बॅटरी घेऊन स्वतः गाडीखाली शिरले. जबडा खिळीभोवती मिटलाय का, मध्ये फट आहे का, ते पाहिलं. मग वर चढून ट्रेलरचे ब्रेक लावले आणि घोडा हळूच पुढे ओढला. घोडा थरथरला, ट्रेलर जागचा हलला नाही.

खाली उतरून त्यांनी बॅटरी माझ्या हातात दिली. "तुमीबी बघा एकदा."

मी वाकून पाहिलं. मगच नारळ फोडला.

रिकाम्या ट्रेलरकडे बघत भावजींनी खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. "खा आता. न् उद्या माझ्यासंगं खोपोलीला चला, काम मागायला. त्या साहेबाच्या दारात अशाच उपाशी बसा, मग कसा देत नाय बघतो."