हवा लागलेलं एन्झाइम

प्रयोगशाळेत त्यांना सगळे ‘काका’ म्हणायचे. पीएचडी करता करता डोक्यावरचे केस गेले, बरोबरीचे कुठल्या कुठे पोचले, आणि हे आपले एका जंतूच्या एका एन्झाइमच्या मागे हात धुऊन लागलेले! त्या एन्झाइमच्या पोटात लोखंड आणि गंधकाच्या अणूंचा चिमुकला गुच्छ असतो. तो शाबूत, तर एन्झाइम कामाचं. त्याला हवा लागली की खेळ खलास.

म्हणून सगळं काम हवा काढून नायट्रोजन गॅस भरलेल्या बंद पेटीत, तिला जोडलेल्या रबरी मोज्यांत हात घालून करायचं. आज शेवटचा दिवस. काकांच्या गाइड असलेल्या बाई निवृत्त होत होत्या, संध्याकाळी प्रयोगशाळेला कुलूप लागणार होतं, आणि दुसरा कुठलाही गाइड काकांना दारात उभं करत नव्हता. एन्झाइम चालतं, एवढं एक मोजमाप आज मिळालं तर डिग्री, नाहीतर बोंबला! आणि एन्झाइमही उरलं होतं जेमतेम एकदा पुरेल इतकंच.

काकांनी ते पेटीतल्या प्लास्टिकच्या नळ्यांत ओतलं. मस्त तपकिरी, कोऱ्या चहासारखं, म्हणजे गुच्छ शाबूत. आणि अहो, डोळ्यांदेखत रंग फिका पडायला लागला! शेवटी नुसतं पाणी. एन्झाइमचं काम मोजणाऱ्या यंत्रावरची रेघ आडवी ती आडवीच. हवा आली कुठून?

तेवढ्यात बाई आल्या. हल्ली चष्मा डोक्यावर ठेवून खोलीभर शोधायच्या त्या. “नळ्या पुरल्या ना रे? तुझ्या संपत आल्या होत्या. मीच सकाळी नवं पाकीट फोडून आत ठेवलं. म्हटलं, आज तरी पोराची अडचण नको.”

प्लास्टिक हवा धरून ठेवतं, नव्या नळ्या रात्रभर पेटीत राहिल्याशिवाय वापरायच्या नाहीत, हे काकांना पहिल्याच दिवशी शिकवलं होतं ते बाईंनीच.

बाईंनी आत डोकावून पाहिलं. “अरे, रंग गेला? काय केलंस?”

काकांना राग आला होता, भयंकर आला होता. पण काढायचा कुणावर? समोर बाईंचा चेहरा अजून हसराच होता.

“मोज्याला भोक होतं, बाई. मी तपासलं नाही.”

“इतकी वर्षं घसा फोडून सांगितलं, तरी?” बाई कडाडल्या. “अशा माणसाला डिग्री द्यायची तरी कशी?”

“खरं आहे, बाई,” काका म्हणाले, आणि त्यांनी पेटीचा गॅस बंद केला.