बियाण्याचे अकरा गड्डे

आमच्या घरात लसणाच्या दोन जाती. लठ्ठ गड्डे बियाण्याला, किडमिडे माणसांना. हा कायदा माझ्या सासऱ्यांचा. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून बाबा परसात उतरले, तेव्हापासून काढणी झाली की डोळ्याला भिंग लावून एकेक गड्डा तपासतात. पहिले अकरा स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगतात. लावणीपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. उरलेल्या तांदळाएवढ्या पाकळ्या सोलून नखांची आग होते ती माझ्या.

यंदा पाहुणे आले आणि माझा पारा चढला. सासूबाई कानाशी लागल्या, "घे गं त्यातले दोन. ह्यांना काय कळतंय?"

दोनाचे चार झाले. महिनाभरात खिळा रिकामा. मग मात्र माझी पाचावर धारण बसली. बाबा ओरडले असते तर चाललं असतं, पण ते गप्प बसतात. या घरात मला लेक मानणारा माणूस तो एकच, त्याच्या मनातून उतरायचं म्हणजे काय! मी बाजार पालथा घातला, अकरा टपोरे गड्डे आणले आणि जुडी बांधून टांगली.

लावणीच्या दिवशी बाबांनी वाफा भुसभुशीत केला, जुडी उतरवली, भिंग लावलं. मी पुसलेलाच ओटा पुन्हा पुसायला लागले. सासूबाई दाराआड सरकल्या.

"हे कुठून आणलेस?"

"काय, बाबा?"

"मी टांगले होते त्यांच्यापेक्षा चांगले आहेत. मला कोपऱ्यावरच्या दुकानदाराने गंडवलं."

माझ्या हातातलं फडकं गळालं.

"तुझ्या सासूने पहिल्याच वर्षी बियाणं कढईत घातलं," बाबा म्हणाले. "तेव्हापासून खिळ्याला बाजारातलेच टांगतो."

त्यांनी बैठकीतलं लंबकाचं घड्याळ उघडलं. घड्याळजीच्याच घरातलं घड्याळ बंद, यावर आल्यागेल्या प्रत्येकाने हसून घेतलंय. आत लंबक नव्हताच. अकरा गड्डे लटकत होते.

"अहो, मग मी दरवर्षी गुपचूप नवे आणून टांगते, त्यांचं काय?" दाराआडून आवाज आला.

"ते कुंड्यांत लावतो. वाया कशाला घालवायचे?"

मग बाबांनी ते अकरा माझ्या ओंजळीत दिले. "पाकळ्या सुट्या कर. साल काढू नकोस. शेंडा वर, बूड खाली. आणि पुढचं बियाणं तू निवडायचं." मला रागवायचं सोडून त्यांनी हे केलं. मला रडूच आलं.

काढणीला भिंग माझ्या डोळ्याला होतं. नवऱ्याने सगळ्यात लठ्ठ गड्डा उचलला, "हा घे ना आज भाजीत."

त्याच्या हातावर मी फटका मारला. "ठेव खाली! बियाण्याचा आहे." किडमिड्यांनी भरलेलं सूप त्याच्यापुढे सरकवलं, "हे सोल."

अकरा निवडून मी लपवलेत. कुठे, ते बाबांनासुद्धा सांगितलेलं नाही.