ठसका

रतनने मोरूला फरशीवर उभं केलं आणि बगलेतले हात अलगद काढून घेतले. पोर डुललं, पडतंय की काय असं झालं, आणि मग तीन पावलं टाकून आजीच्या लुगड्याला बिलगलं.

"चालला! मावशी, चालला की हो! काय देखणा चालतो बघा!" रतन टाळ्या वाजवत म्हणाली.

भागीरथीने नातवाला उचललं. त्याची मांडी चाचपली, दंड चाचपला.

"चालतंय गो बाय. पन केवढा हलका झाला माजा पोर!"

ही तक्रार रतनला नवी नव्हती. ब्याण्णव सालच्या गणपतीत मंडळाच्या बालक स्पर्धेत मोरूचा पहिला नंबर आला होता, तो निव्वळ वजनावर. डब्यातली पावडर, वर साखर, वर बिस्किटं. सव्वा वर्षाचा झाला तरी जागचा हलत नव्हता, आणि सगळं कोपरी गाव त्याला गुटगुटीत म्हणून मिरवत होतं. असल्याच मुलांसाठी रतनने आणि तिच्या धाकट्या जावेने, मालनने, 'ताजा घास' काढला होता. सकाळी शिजवलेली नाचणी, मुगाचं कढण, कुस्करलेला लाल भोपळा, साखरेचा कणही नाही, आणि बाळाच्या जेवणाआधी डबा घरी. पंधराएक घरं लागली होती. रतनला स्वतःला मूल नव्हतं, होणारही नव्हतं. लोकांची पोरं अंगाने हलकी होऊन पायावर उभी राहताना बघणं हेच तिचं सुख होतं, आणि ते ती लपवत नसे.

दुसऱ्या दिवशी मोरूच्या आईने डबा दारातूनच परत केला.

"ताप आलाय त्याला. काही घेत नाही," ती म्हणाली. तिने रतनकडे पाहिलं नाही.

त्यानंतर दारच उघडेना. शेवटी एका संध्याकाळी रतन न राहवून विचारपूस करायला गेली. कडी वाजवायला हात उचलला, तोच आतून भागीरथीचा आवाज आला.

"मिरच्या घाल अजून. सगल्या घाल."

निखाऱ्यावर तडतड झाली. खिडकीच्या फटीतून धूर निघाला तो थेट रतनच्या तोंडावर.

आत कुणी खोकलं नाही.

"बघ. लागतंय का कोनाला ठसका? मी बोललेली ना तुला? वांझेची नजर हाय ती."

रतनचा हात खाली आला. तिला संताप आला. दार ठोठावून सांगावं, अहो, दात येत असतील, साथ असेल, डॉक्टरकडे न्या त्याला. पण ती जागची हलली नाही. मिरच्या जाळल्यावर ठसका लागला तर काही नाही, लागलाच नाही तर दृष्ट झालेली, हे तिने माहेरी कितीदा ऐकलं होतं आणि दर वेळी हसण्यावारी नेलं होतं. आता तीच धुरात उभी राहून ठसक्याची वाट बघत होती. तिने तोंड उघडून खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. घसा साधा खवखवलासुद्धा नाही.

घरी मालन दारातच उभी होती. तिचा नऊ महिन्यांचा आनंदा रतनला बघताच झेपावला. मालनने त्याला पटकन दुसऱ्या कडेवर घेतलं.

"वहिनी, आणखी चार घरांनी डबा बंद केलाय," ती म्हणाली. "उद्यापासून डबे मी पोचवते. तुम्ही घरातच रांधा. लोकांची तोंडं कोण धरणार?"

"तुला काय वाटतं, मालन?"

"मला कुठे काय वाटतंय!" मालन घाईने म्हणाली.

कुकरची शिट्टी झाली. आनंदाला खाली ठेवावं की नाही, असं तिचं क्षणभर झालं. मग त्याला ठेवून ती आत गेली.

आनंदा रांगत रतनच्या पायाशी आला. दोन्ही हात वर करून तो तिला हाका मारू लागला. रतनने भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि मालन बाहेर येऊन त्याला उचलून नेईपर्यंत वळून बघितलं नाही.